दादाचे पाय

आमचा दादा जेवतोसुद्धा उभ्याने. ताट ओट्यावर ठेवायचं, एक घास घ्यायचा, खिडकीपर्यंत जाऊन यायचं, मग दुसरा घास. आई म्हणायची, हा पोटात होता तेव्हाही असाच, मला एका कुशीवर नीट झोपू दिलं नाही. बाबा कमी बोलायचे, पण त्यांनी ठेवलेलं नाव त्याला जन्माचं चिकटलं: भिंगरी. पुढे त्याच्या हेल्मेटवरही तेच रंगवलं गेलं. मी धाकटी म्हणून दादा म्हणते, नाहीतर मीही भिंगरीच म्हटलं असतं.

बाबांचं गाड्यांच्या सीट शिवायचं दुकान होतं. आता ते मी चालवते. रेक्झिनच्या गुंडाळ्या, फोमच्या लाद्या, आणि कपड्यांतून काही केल्या न जाणारा सोल्युशनचा वास. लोक गाडी सोडून जायचे, बाबा सीट काढून आत न्यायचे आणि गाडी दुकानासमोर बोडकी उभी राहायची. त्या बिनसीटच्या गाडीत पालथा डबा ठेवून दादा बसायचा आणि स्टिअरिंग फिरवायचा. दिवसभरात तेवढाच वेळ तो एका जागी सापडायचा. हे बाबांच्या लक्षात आलं. बसायचंच तर चालत्या गाडीत बसू दे, निदान घराला शांतता, असं म्हणून त्यांनी त्याला टायरच्या गोदामामागे कार्टचा ट्रॅक आहे तिथे नेऊन सोडलं. लोकांची मुलं काहीतरी होण्यासाठी शर्यतीत उतरतात. आमचा दादा घरातून टळावा म्हणून उतरला.

कार्ट ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते. लोखंडी नळ्यांची चौकट, चार बुटकी चाकं, जमिनीपासून जेमतेम दोन बोटं वर असलेली प्लॅस्टिकची सीट आणि कोपराशी कोकलणारं इंजिन. वर छप्पर नाही, पोटाला पट्टा नाही, खाली स्प्रिंग नाहीत. ट्रॅकवर खडा आला तर तो थेट बरगडीला कळतो. म्हणून सीटला आतून फोम लावावा लागतो, ज्याच्या त्याच्या अंगाच्या मापाने. ते काम आधी बाबांनी केलं, मग मी. गोल गोल फिरून परत तिथंच यायचं, यात एवढं काय आहे ते मला आजही कळलेलं नाही, पण त्या गोल फिरण्यावर आमच्या घराची तीस-एक वर्षं गेली.

दादा वेगवान होता, यात वाद नाही. गोदामाच्या हमालांपासून मालकापर्यंत सगळे त्याला बघायला कुंपणाशी यायचे. खोट होती ती शर्यत सुटताना. शर्यतीत सगळ्या कार्ट आधी रांगेने, सावकाश येतात, समोरचा लाल दिवा विझला की सुटतात. तो दिवा विझेपर्यंत दादाला दम निघायचा नाही. निमिषभर आधी सुटायचा, पहिला यायचा, आणि दंड लागून चौथा व्हायचा. बाबा परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलायचे नाहीत. मी मागच्या सीटवरून म्हणायचे, "दादा, तो दिवा काय तुझं खातो?" आणि मार खायचे.

कार्टमधून तो मोठ्या गाड्यांत गेला, एकच माणूस बसतो त्या लांब नाकाच्या, उघड्या चाकांच्या. एका कंपनीने त्याच्यावर पैसे लावले. आम्ही टीव्हीसमोर बसून डोळ्यांत तेल घालून त्याची गाडी शोधायचो, कारण ती फार वेळ पडद्यावर दिसायची नाही. मग ज्या शर्यतीवर पुढचं सगळं अवलंबून होतं, तिच्यात गाडी दिव्याआधी सरकली. फार नाही, वीतभर. वीतभरच पुरलं. कंपनीने दुसरा पोरगा उचलला आणि आमचा दादा घरी येऊन फोमच्या लादीवर आडवा झाला. दोन दिवस उठला नाही, तेव्हा मात्र मी घाबरले. झोपलेला भिंगरी मी कधी पाहिला नव्हता.

त्यानंतर त्याने काय काय केलं ते सांगायला बसले तर माझीच दमछाक होईल. टायरच्या कारखान्यात गाडी चालवायची नोकरी घेतली. रोज त्याच वेगाने, त्याच रिंगणात, आणि उतरल्यावर टायर कसा वाटला ते सांगायचं. माझ्यासारखीला ते काम आवडलं असतं. त्याला ते कैदेसारखं झालं. सोडली. सुट्टीच्या दिवशी हौशी लोकांना वेगवान गाडीत शेजारी बसवून फिरवायचं काम धरलं, तेही सोडलं. कुणी लग्नाचा विषय काढला की चप्पल पायात सरकवून बाहेर. दुकानात आला की सुया इकडच्या तिकडे करून ठेवायचा. त्याने माझ्या नाकी नऊ आणले होते. म्हणून ट्रॅकच्या मालकाने जेव्हा त्याला मुलांना शिकवायला बोलावलं, तेव्हा मी मनात म्हटलं, चला, हेही महिनाभर.

पण तो टिकला. आणि का टिकला ते मी सीट बसवायला ट्रॅकवर गेले तेव्हा पाहिलं. मला आधी वाटलं, तो दादा नाहीच. वळणाच्या अलीकडे, गवताच्या काठावर, एक माणूस पाय जुळवून खांबासारखा उभा होता. समोरून कार्ट सुसाट येत होती आणि तो हलत नव्हता.

ती त्याची शिकवण्याची रीत होती. वळणाआधी ब्रेक नेमका कुठे दाबायचा हे मुलांना तोंडी सांगून कळत नाही. त्या वेगात खुणा दिसत नाहीत, दिसल्या तरी डोकं त्यांवर ठरत नाही. म्हणून शिकवणारा स्वतःच त्या जागी उभा राहतो. त्याचे बूट आले की ब्रेक. पोर रुळलं, आता आणखी उशिरा दाबला तरी वळण साधेल, असं दिसलं की दादा वळणाच्या दिशेने एक पाऊल पुढे सरकायचा. पुढच्या फेरीला पोराने तिथे ब्रेक दाबायचा. एवढंच. "छान", "शाबास" असे शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नाहीत, आमच्या घरात तो माल नव्हताच. पण मुलांना ते पाऊल बरोबर कळायचं. डबे खाताना त्यांच्यात पैजा लागायच्या. आज सर माझ्यासाठी पुढे सरकले, तुझ्यासाठी नाही सरकले.

या मुलांत एक मुलगी होती, तिला बाकीची पोरं गोगलगाय म्हणायची. हातमोजे एकेक बोट नीट बसवून घालायची. हेल्मेटचा पट्टा लावायची, सोडायची, परत लावायची. बाकी पोरं तोवर ट्रॅकवर पोचलेली असत. तिची आई शहरात बस चालवायची आणि ड्यूटीच्या कपड्यांतच तिला घेऊन यायची. मालक दरवर्षी चाचणी घेऊन एका मुलाला फुकट चालवू देत असत, तशी ही निवडली गेली होती. दादाला तिचा संथपणा सहन व्हायचा नाही. तिचे मोजे घालून होईतो हा ट्रॅकच्या कडेने दोन चकरा मारून यायचा. पण एकदा कार्ट सुटली की त्याची बोलती बंद. "छोटी, ही घाई करत नाही," तो मला एकदा म्हणाला, "आणि तरी लवकर पोचते. मला हे कुणी शिकवलं नाही." तो एखाद्या मुलाबद्दल इतकं बोलला हे पहिल्यांदाच. तो तिच्यासाठी उभा असला की मलाही कामातून मान वर करून बघावंसं वाटायचं. त्या पोरीने माझ्या भावाला एका जागी उभं केलं होतं, जे आईबापाला जमलं नव्हतं.

आणि तिथेच घात झाला.

त्या सकाळी ट्रॅकवर ती एकटीच होती. मी पिटमध्ये, म्हणजे कार्ट उभ्या करून दुरुस्त करतात त्या जागी, एका सीटचे स्क्रू आवळत होते. दादा लांब वळणाच्या अलीकडे उभा होता. तेवढ्यात कुंपणापलीकडच्या रस्त्यावर एक ट्रेलर येऊन थांबला. ताडपत्रीखालून लांब नाक बाहेर आलेलं. पूर्वी तो चालवायचा तसली गाडी. चालक खाली उतरून दोऱ्या तपासू लागला आणि वाऱ्याने ताडपत्री उचलली गेली. मी दादाकडे पाहिलं. त्याची मान तिकडे वळली होती, आणि मानेमागे पाय निघाले. एक, दोन, चार-पाच पावलं, वळणाच्याच दिशेने, डोळे ट्रेलरवर. मी हाक मारेपर्यंत मुलगी आली. ती त्याच्या बुटांपर्यंत आली, जिथे ते आता होते तिथपर्यंत, आणि मग तिने ब्रेक दाबला. मागची चाकं फिरली, कार्ट आडवी झाली आणि टायरच्या भिंतीत जाऊन शिरली.

बरगडीला चीर गेली होती. त्याहून जास्त काही झालं नाही हे नशीब, असं सगळे म्हणाले. मग कारणं निघाली. मेकॅनिकने ब्रेकचे पॅड काढून उन्हात धरून पाहिले. मालक म्हणाले, पोरीचं लक्ष विचलित झालं असेल, वयच आहे ते. तिची आई म्हणाली, आदल्या दिवशी शाळेतून दमून आली होती, मीच आणायला नको होतं. सगळे आपापल्या परीने दोष वाटून घेत होते, आणि ज्याचा होता तो मूग गिळून उभा होता. म्हणजे उभा कसला, पिटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होता. मी पाहिलंय हे त्याला ठाऊक होतं. त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं.

पुढचे दिवस त्याने मला सळो की पळो करून सोडलं. सकाळी दुकान उघडायच्या आधी दारात हजर. फोम कापायला घ्यायचा, अर्धा कापून टाकायचा. रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जायचा, परत यायचा. टायरच्या कारखान्यात पुन्हा विचारतो म्हणाला. शेवटी माझा पारा चढला. मी त्याला सरळ म्हटलं की तुला पळायचं असेल तर पळ, पण त्या आईला एकदा सांग की तिची मुलगी चुकली नव्हती. त्यावर तो म्हणाला की सांगितलं तर ती मुलीला परत पाठवणार नाही. म्हणजे याला पळायचंही होतं आणि ती यायलाही हवी होती. मी कात्री खाली ठेवली. चाळीशी उलटलेल्या माझ्या भावाच्या डोळ्यांत पाणी होतं.

बरगडी भरून आली तेव्हा आई तिला घेऊन दुकानात आली, सीटला जास्तीचा फोम लावून घ्यायला. दादा मागे रेक्झिनच्या गुंडाळ्या रचत होता, म्हणजे पाडत होता. मी मुलीला सीटमध्ये बसवलं, कुशीला फोम लावून दाबून बघितला, कुठे दुखतं का विचारलं. ती नेहमीसारखी शांत. कुठे टोचतं ते बोट ठेवून सांगत होती. मग आपणहून म्हणाली, "मावशी, या वेळी जमेल मला. त्या दिवशी माझं स्टिअरिंग लवकर वळलं. सर पाच पावलं सरकले होते ना एकदम. पाच पावलं कुणासाठीच सरकले नाहीत ते. आणि मलाच जमलं नाही."

मागे गुंडाळी पडली.

"मी रोज मनात तीच जागा आठवते," ती म्हणाली. "रविवारी तिथेच दाबणार."

आतापर्यंत मला वाटत होतं, प्रश्न दादाच्या अब्रूचा आहे, त्याच्या नोकरीचा, फार तर माफीचा. तो तर पोरीच्या हाडांचा होता. तिने अपघाताची शाबासकी करून घेतली होती आणि आजारपणभर ती उशाशी घेऊन झोपली होती. मी वळून पाहिलं तर दादा दुकानात नव्हता. मागच्या दाराने निघून गेला होता. त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला की तो समोर असता तर मी काय केलं असतं ठाऊक नाही. त्याने नाही सांगितलं तर रविवारी मी सांगणार, असं मी ठरवून टाकलं.

रविवारी मी सीट घेऊन ट्रॅकवर गेले तेव्हा तो आधीच तिथे होता. सगळा पिट झाडून झाला होता, टायर रचून झाले होते, आणि झाडायला काही उरलं नव्हतं म्हणून तो झाडूचीच काडी काडी सारखी करत होता. मी सीट बसवली. मुलगी हातमोजे घालू लागली. आई शेजारी बाकावर, हातात किल्ल्यांचा जुडगा. दादा एकदा त्यांच्यापर्यंत आला आणि परत गेला. दुसऱ्यांदा आला आणि पाण्याची बाटली उचलून परत गेला. तिसऱ्यांदा आला तो तिच्यासमोर खाली, जमिनीवरच बसला. मांडी घालून. पाय मुडपून आत घेतले.

"त्या दिवशी मी तुला काही सांगत नव्हतो," तो म्हणाला. "रस्त्यावर एक गाडी आली होती. मी ती बघायला चाललो होतो. तू ट्रॅकवर आहेस हे मी विसरलो."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. आईच्या हातातल्या किल्ल्या थांबल्या.

"इतके दिवस का नाही बोललात, सर?" आईने विचारलं. आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

"भीती वाटली, ताई. ही परत येणार नाही म्हणून."

आई काही बोलणार होती, पण मुलीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग तिने मोजे काढायला सुरुवात केली. एकेक बोट, नेहमीसारखं. संपलं, मी मनात म्हटलं. दादा जमिनीवर तसाच बसून होता. त्याचा गुडघा थरथरत होता, त्याने तो दोन्ही हातांनी दाबून धरला होता.

"म्हणजे मला तिथे जमेल असं तुम्हाला वाटलंच नव्हतं," मुलगी म्हणाली.

"नाही. तिथे मलाही जमलं नसतं. कुणालाच नाही."

तिने दोन्ही मोजे मांडीवर एकावर एक ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसली. तिला रडू येत होतं हे दिसत होतं, पण ती त्या बाबतीतही घाई करणारी नव्हती. डोळे पुसले, नाक पुसलं. मग एक मोजा उचलला आणि पुन्हा घालायला घेतला.

"तुम्ही जाळीमागे उभे राहा," ती म्हणाली. "मला दिसाल असं नाही. खूण माझी मी शोधते. आणि काय असेल ते यापुढे तोंडाने सांगायचं. पायांवर माझा भरवसा नाही."

आई उठली. मला वाटलं, मुलीचा हात धरून निघेल. तिने मुलीच्या हेल्मेटचा पट्टा स्वतः लावला, सोडला, परत लावला. दादाकडे न बघता म्हणाली की ती आज इथेच थांबणार आहे, शेवटपर्यंत, आणि यापुढे दर वेळी. दादाने मान हलवली.

तो जाळीमागे गेला आणि तिथे त्याने जी येरझार सुरू केली, ती विचारू नका. मी मुद्दाम वळणाशी जाऊन उभी राहिले. पहिल्या फेऱ्यांना मुलीने ब्रेक फार आधी दाबला, इतका आधी की कार्ट वळणात शिरताना रेंगाळली. मग थोडा पुढे. मग आणखी थोडा. तिने नेमकं काय हेरलं होतं मला दिसलं नाही. डांबरावरचा एखादा डाग असेल, किंवा कडेच्या गवतातली उघडी जागा. एका फेरीला चाकं घसरली आणि आई बाकावरून उठली, तर पुढच्या फेरीला मुलीने ब्रेक पुन्हा थोडा आधी दाबला. तिची तीच. दादाची जुनी जागा तिने गाठली नाही. दोन-तीन पावलं अलीकडेच राहिली, आणि तिथे मात्र दर फेरीला बिनचूक.

कार्ट पिटमध्ये आली, इंजिन बंद झालं. एकदम शांतता झाली की कान वाजतात तसे वाजत होते. मुलगी उतरली नाही. हेल्मेट घालून, काच वर करून बसून राहिली. दादा आला, त्याने मागचा टायर दाबून पाहिला, चेन पाहिली, बंपरला हात लावला, कार्टभोवती एक फेरी मारली. मुलीची मान त्याच्यामागे वळत राहिली. तो तिच्यासमोर आला, थांबला, घसा खाकरला. वळणात हात थोडा सैल ठेव, म्हणाला. ती गप्प. शेवटच्या वळणावर बाहेरच्या बाजूला अजून जागा आहे, म्हणाला. ती गप्पच. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही त्याच्या मदतीला जाणार नव्हते.

"चांगलं चालवलंस," दादा पुटपुटला.

मुलीने हेल्मेटवरून कानाशी हात नेला. "ऐकू नाही आलं, सर."

मग त्याने ते पुन्हा सांगितलं, आणि इतक्या मोठ्याने सांगितलं की पेट्रोल भरणारा माणूस कॅन खाली ठेवून आमच्याकडे बघायला लागला.